भाईंच्या घरची तपासणी

कोणतीही पिशवी समोर आली की भाई तिच्यात कोपरापर्यंत हात घालायचे. वर काय आहे ते बघायचंच नाही. हात थेट तळाला, आणि तिथे जे बोटांना लागेल ते वर काढून उजेडात धरायचं. मग ती कांद्याची गोणी असो, पेरूवाल्याची पाटी असो, की माझ्या दुकानातली गणवेशाच्या कापडाची थप्पी असो. "वरचं राहू द्या, ताई. खालचं दाखवा." हे वाक्य आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ झालं असेल.

भाई मार्केट यार्डात एका अडत्याकडे नोकरीला होते. शेतकऱ्याचा माल गाळ्यावर उतरला की तो तपासायचा, हे त्यांचं काम. वर टपोरे कांदे लावायचे आणि खाली गोल्टी, म्हणजे बारका माल, दडवायचा ही रीत काही आजची नाही. तिच्यावर उपाय म्हणून अडत्याने भाई ठेवले होते. आयुष्य गोण्यांच्या तळाशी गेल्यामुळे त्यांची अशी पक्की समजूत झाली होती, की जगातल्या प्रत्येक गोष्टीला तळ असतो आणि तो कुणीतरी मुद्दाम झाकलेला असतो. पुण्यात राहणाऱ्याची अशी समजूत व्हायला फार कष्ट पडत नाहीत.

कसबा पेठेतली आमची इमारत तीन मजल्यांची. खाली माझं शाळेचे गणवेश शिवायचं दुकान, पहिल्या मजल्यावर भाईंच्या दोन खोल्या, त्यांच्या वर निवृत्त काका. भाईंचे पणजोबाही याच गल्लीत राहायचे, त्यामुळे ते कुणाला 'मूळचे कुठले' असं विचारू देत नसत. विचारलंच तर म्हणत, "इथलाच. आपण कुठले?" समोरचा बहुतेक वेळा सोलापूरचा नाहीतर साताऱ्याचा निघायचा आणि गप्प बसायचा. गल्लीतली मोठी माणसं त्यांना भाई म्हणायची, त्यांच्या बायकोला भाभी. त्यांना एकच मुलगी, सना. पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं.

सनाची शाळा पेठेतलीच, पण सातवीपर्यंतच होती. सातवीत असताना गणिताच्या स्पर्धेसाठी तिला नगर रस्त्याकडच्या एका मोठ्या खासगी शाळेत नेलं होतं. तिथून ती बक्षीस घेऊन आली. दोन दिवसांनी माझ्या दुकानात येऊन तिने विचारलं, "ताई, तुम्ही त्या शाळेचा युनिफॉर्म शिवता का?"

मी म्हटलं, "का गं?"

"तिथं प्रयोगशाळेत प्रत्येकाला वेगळं मायक्रोस्कोप आहे. आमच्या शाळेत एक आहे, तेही कपाटात."

त्या शाळेचे चार-दोन गणवेश मी शिवत असे. शाळेची फी किती असेल ते मला गणवेशावरूनच कळतं. नुसता शर्ट आणि स्कर्ट असेल तर माणसाने विचार करावा. टाय असेल तर दोनदा विचार करावा. आणि पुण्याच्या हवेत ब्लेझर सक्तीचा असेल तर विचारच करू नये. त्या शाळेला ब्लेझर होता, आणि त्याच्या खिशावर कुठल्याशा परदेशी पक्ष्याचं चित्र होतं.

सनाने प्रवेश परीक्षा दिली आणि ती पास झाली. शाळेने कळवलं, अभिनंदन, शिष्यवृत्तीचा निर्णय लागेपर्यंत जागा राखून ठेवतो. म्हणजे शिष्यवृत्ती मिळाली तर सना आत, नाही मिळाली तर ती जागा पुढच्या ब्लेझरला. भाईंच्या पगारात त्या शाळेची फी बसणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि सनालाही. त्यामुळे ती जागा राहते की जाते, याशिवाय त्या घरात दुसरा विषय उरला नाही.

भाईंनी मग शिष्यवृत्त्यांच्या गोणीत हात घातला. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या मुलांसाठी हा उद्योग केला असेल, त्यांना मी काय सांगणार? सरकारी पंचवीस टक्क्यांतून जावं, तर तो प्रवेश शाळेच्या अगदी खालच्या वर्गात. आठवीपर्यंत पोचल्यावर गरीब असल्याचं लक्षात आलं तर त्याला सोय नाही. एक ट्रस्ट फक्त एका तालुक्यातून आलेल्या मुलांना मदत करायचा, तीही आजोबा तिथून निघाल्याचा पुरावा असेल तर. एका मंडळाने विचारलं, "आपण आमच्या जमातीचे का?" भाई म्हणाले, "मी कसबा पेठेचा." मंडळाने सांगितलं, ती जमात आमच्या यादीत नाही. एका क्लबाची शिष्यवृत्ती फार सोपी होती. अर्ज नाही, मुलाखत नाही. फक्त शाल घेऊन फोटो काढायचा आणि वह्या घेऊन घरी जायचं.

संध्याकाळी भाई माझ्या दुकानासमोर आपली खुर्ची टाकून बसत. ती लाकडी, हातांची खुर्ची त्यांच्या वडिलांची होती. रोज ती स्वतः जिन्यावरून खाली आणायचे आणि जाताना वर न्यायचे. शाळांची चकचकीत माहितीपत्रकं मांडीवर घ्यायची आणि शेवटचं पान आधी उघडायचं. पहिल्या पानावरच्या घोड्यावर बसलेल्या मुलांकडे आणि व्हायोलिन धरलेल्या मुलींकडे ते ढुंकूनही बघत नसत.

"ताई, हे वाचा. शेवटची ओळ. चष्म्याशिवाय दिसणार नाही अशी छापलीय, म्हणजे खरी असणार."

त्या ओळीत लिहिलं होतं, की गरजू व गुणवंत विद्यार्थ्यांसाठी देणगीदारांच्या समितीतर्फे शिष्यवृत्ती उपलब्ध असून समितीचे सदस्य प्रत्यक्ष घरी येऊन परिस्थितीची तपासणी करतील. ही सनाला हव्या त्या शाळेचीच ओळ होती. भाईंनी अर्ज केला. अर्जात 'आपल्या पाल्यालाच ही शिष्यवृत्ती का मिळावी' असा प्रश्न होता आणि त्याला भलीमोठी जागा सोडलेली होती. भाईंनी एकच वाक्य लिहिलं, 'तिला शिकायचे आहे आणि मला परवडत नाही.' काका म्हणाले, थोडं वाढवा. भाई म्हणाले, "यात खाली आणखी काही नाही, तर काय वाढवू?"

असा हा माणूस. जन्मभर लोकांच्या गोण्या तपासलेला. तपासणी म्हणजे काय हे आमच्या गल्लीत कुणाला कळत असेल, तर ते त्यांनाच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

समिती रविवारी सकाळी येणार असं कळलं आणि भाईंचा तोल गेला. शनिवारी ते जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "ताई, तुमचे ते नवे पडदे दोन दिवसांसाठी मिळतील का?"

मी म्हटलं, "भाई, ते गरिबी बघायला येणार आहेत."

"येऊ द्या. पण माझ्या घरात येणार आहेत ना? माल विकायला काढताना वरचा थर कुणी गोल्टीचा लावतं का?"

खरं तर मी त्यांना अडवायला हवं होतं, पण घरात पाहुणा येणार म्हटलं की आमच्या गल्लीची अक्कल जिन्याखाली जाते. आम्ही पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतो, म्हणजे त्याला नको म्हणायला सोपं जातं. पण शेजाऱ्याकडे पाहुणा येणार असेल तर आमच्यासारखे उदार आम्हीच. मी पडदे दिले. काकांनी त्यांच्या मुलाने घेऊन दिलेला सोफा खाली उतरवला. त्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, आणि ते फाटू नये म्हणून काका रात्रीतून दोनदा बघून गेले. कोपऱ्यावरच्या नव्या सूनबाईंनी रुखवतातला काचेचा सेट दिला. भाभींनी गाजराचा हलवा केला. घरात होते तेवढे काजू संपले, तरी भाई आतून सांगत होते, "ऊपर डालो, ऊपर. दिखने दो."

समितीत एक वयस्क मॅडम होत्या आणि टॅबवर फोटो काढणारा एक तरुण. मॅडम सोफ्यावर बसल्या तेव्हा प्लास्टिक करकरलं. त्यांनी पडद्यांकडे पाहिलं, काचेच्या पेल्यांकडे पाहिलं, हलव्यावरच्या काजूंकडे पाहिलं. हलवा फार छान झालाय म्हणाल्या. तरुणाने सगळ्याचे फोटो काढले. जाताना दोघं इतकं गोड बोलले, की भाई खाली येऊन मला म्हणाले, "झालं काम."

आठवड्याने पत्र आलं. 'कुटुंबाची आर्थिक स्थिती समाधानकारक आढळल्याने अर्ज विचारात घेता येत नाही.'

भाईंनी ते मला वाचून दाखवलं. "समाधानकारक," ते म्हणाले. "आमच्या शेठने मला आजपर्यंत असं म्हटलेलं नाही." ते हसले आणि त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. वर सना होती. तिलाही ते कळलं. त्या दिवशी तिने जुन्या शाळेजवळच्या, पेठेतल्या दुसऱ्या एका शाळेचा गणवेश किती दिवसांत शिवून होतो, एवढंच मला विचारलं. मला फार वाईट वाटलं. त्या मुलीसाठी मी पडदे दिले होते आणि पडद्यांनीच तिचं दार लावून घेतलं होतं.

पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात फेरतपासणीची सोय होती. भाईंनी ती अर्थातच शोधली. पण या वेळी गल्लीने सूत्रं हातात घेतली. आपल्या सोफ्याने पोरीचं नुकसान केलं, हे काकांच्या मनाला फार लागलं होतं. त्यांनी जिन्यात सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की आता असं घर दाखवायचं, की समितीच्या डोळ्यांत पाणी यायला हवं.

उसनं सामान परत गेलंच होतं, पण काकांचं समाधान झालं नाही. भाईंचं स्वतःचं सामानही बाहेर निघू लागलं. फ्रिज काकांकडे गेला. टीव्ही सूनबाईंकडे. मिक्सर, ग्लास, स्टीलची ताटं आणि भाईंची खुर्ची माझ्या दुकानात. लोखंडी कपाट हलेना, म्हणून त्यावर जुनी चादर टाकली. शेवटी काका सनाच्या अभ्यासाच्या टेबलाकडे वळले.

सना म्हणाली, "टेबल पण? मग मी अभ्यास कुठं करते सांगायचं?"

"जमिनीवर," काका म्हणाले. "हुशार मुलं जमिनीवर बसूनच मोठी झाली आहेत."

सनाने वह्या उचलून खिडकीत ठेवल्या आणि टेबल सोडून दिलं. भाई दारात उभे होते. घर रिकामं होताना ते बाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला वाट करून देत होते. मला वाटतं, पहिल्या वेळी घर सजवताना त्यांना जेवढं बरं वाटलं होतं, तेवढंच आता वाईट वाटत होतं. पण पोरीसाठी माणूस काय काय सोसतो, ते आपण सगळे जाणतो.

समिती आली. तीच मॅडम, तोच तरुण. मॅडम चटईवर बसल्या. मी खाली दुकानात कान देऊन होते. जरा वेळाने सना खाली आली.

"ताई, आमचे ग्लास द्या. मॅडम पाणी मागतायत आणि घरात एक पण ग्लास नाहीये."

मी ग्लास धुऊन त्यांच्याच एका ताटात ठेवून तिला दिले आणि तिच्यामागून वर निघाले. वरच्या कठड्यावरून काकांनी सनाला ताट घेऊन चढताना पाहिलं आणि सामान परत यायला लागलं, म्हणजे समिती गेली, असं समजले. काकांचा उरक मोठा. त्यांनी गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक दिली, "गेले वाटतं. चला, आणा सगळं."

मी दारात पोचले तेव्हा मॅडम पाण्याचा घोट घेत होत्या. तेवढ्यात सूनबाई टीव्ही घेऊन आल्या आणि "भाभी, कुठे ठेवू" म्हणून थांबल्या. त्यांच्यामागे टेबल आलं. टेबलामागून माझ्या दुकानातला कारागीर मिक्सर आणि खुर्ची घेऊन आला. आणि शेवटी, एका बाजूने स्वतः काका आणि दुसऱ्या बाजूने त्यांचा भाचा, असा फ्रिज आला. काकांची पाठ खोलीकडे होती. ते उलटे चालत आत शिरले आणि म्हणाले, "भाई, एकदाची ब्याद टळली."

फ्रिज मधेच लटकत राहिला. मॅडमनी ग्लास खाली ठेवला. तरुणाने टॅबवर आधीचे फोटो उघडले, खोलीकडे पाहिलं, परत फोटोंकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, मागच्या वेळी इथं सोफा होता ना?"

भाई उभे राहिले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी रचून सांगेल. पण ते मॅडमना म्हणाले, "मॅडम, मागच्या वेळी आपण जे पाहिलं ते शेजाऱ्यांचं होतं. आज जे नव्हतं ते आमचं आहे."

"म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे मागच्या वेळी मी वरचा थर चांगला लावला, आज या लोकांनी वाईट लावला. मी स्वतः रोज हेच पकडतो. माझ्याच घरात मला सुचलं नाही."

तरुण गोंधळला होता. "मग सर, फोटो कोणता अपलोड करू?"

"दोन्ही खोटे आहेत. तिसरा काढा."

भाईंनी कपाटावरची चादर ओढून काढली. फ्रिज त्याच्या जागी गेला. सनाने टेबल खिडकीशी लावलं आणि वह्या त्यावर ठेवल्या. भाईंनी वडिलांची खुर्ची झटकून मॅडमपुढे ठेवली आणि म्हणाले, "आता बसा. हे आमचं घर. खालपर्यंत हात घालून बघा, काही लपलेलं नाही." मॅडम चटईवरून उठून खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदाच सनाला जवळ बोलावून विचारलं, की तुला त्या शाळेत का यायचंय. सनाने मायक्रोस्कोपचं सांगितलं. फ्रिजजवळ उभ्या असलेल्या काकांसकट फोटो निघाला.

शिष्यवृत्ती मिळाली. पत्रात 'फेरतपासणीअंती गरजू' असं लिहिलं होतं. आमच्या इमारतीने पेढे वाटले, आणि इमारतीला अजून कुणी त्याबद्दल धन्यवाद दिलेले नाहीत याची खंत काका अधूनमधून बोलून दाखवतात. सनाचा ब्लेझर मीच शिवला. खिशावरचा तो परदेशी पक्षी शिवताना मी त्याला मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या, पण त्याची चोच मात्र चुकू दिली नाही.

शाळेची बस पेठेत शिरत नसे, आणि रोज एवढ्या लांब पोरीला पाठवणं जमेना. दुसऱ्या वर्षी भाईंनी वाघोलीत भाड्याने घर घेतलं. मार्केट यार्डाला त्यांना दोन बस बदलून जावं लागे. निघताना सगळं सामान टेम्पोत गेलं. खुर्ची उचलायला माझा कारागीर पुढे झाला, तसे भाई म्हणाले, "ती राहू द्या इथंच. इथं आल्यावर मी बसू कशावर?" टेम्पो वळेपर्यंत भाभी मागे बघत होत्या. भाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि समोरच्या खणात काय काय आहे ते विचारत होते.

त्यानंतर ते एकदाच आले. सनाला मोठ्या मापाचा ब्लेझर हवा होता. खुर्ची दारात टाकून बसले आणि पिशवीतून शाळेचं नवं माहितीपत्रक काढून माझ्या हातात दिलं. पहिल्या पानावर सना होती. मायक्रोस्कोपवर वाकलेली, अंगात मी शिवलेला ब्लेझर. ना घोडा, ना व्हायोलिन. शाळेने या वर्षी आपला वरचा थर म्हणून भाईंची पोरगी लावली होती.

मी हसले. मग त्यांच्याकडूनच लागलेल्या सवयीने शेवटचं पान उघडलं. तळाला, चष्म्याशिवाय दिसणार नाही अशी ओळ होती. 'शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने तपासणी करूनच चालू ठेवली जाईल.' म्हणजे दर वर्षी मॅडम येणार, दर वर्षी फोटो निघणार, आणि दर वर्षी सनाची जागा पुन्हा टांगणीला.

मी म्हटलं, "भाई, खाली काय लिहिलंय बघितलंत का?"

"आधी तेच वाचलं, ताई," भाई म्हणाले. त्यांनी माहितीपत्रक माझ्या हातून काढून घेतलं आणि उलटून पुन्हा पहिलं पान वर केलं. "आता जरा हे बघू द्या."

आणि ते पान मांडीवर धरून ते बघत बसले. गिऱ्हाईक आलं, गेलं. नंतर शाळेने गणवेशाचं कंत्राट कुठल्याशा कंपनीला दिलं आणि भाईंना पेठेत यायचं कारण उरलं नाही. खुर्ची दुकानात आहे. तिच्यावर कुणी बसायला लागलं की मी स्टूल पुढे करते.